छोट्या रेकॉर्डींच्या मागे: कोल्हापुरातले चार दिवस

गुरुवार

पुण्याहून मध्यरात्रीनंतर सुटणारी महालक्ष्मी कोल्हापूरला लागते तेव्हा सकाळचे साडेसात होत आलेले असतात. शाहूपुरीत एका लॉजवर आंघोळ उरकली, मिसळ खाल्ली, कट दोनदा मागून घेतला आणि दहाच्या आत रिक्षाने उद्यमनगर गाठलं. खांद्याला दोन रिकाम्या पिशव्या होत्या, दोन्हींच्या तळाला आणि बाजूंना पुठ्ठे घातलेले. एक बारा इंची एलपींसाठी, म्हणजे मोठ्या ग्रामोफोन रेकॉर्डींसाठी. दुसरी लहान, जमलंच तर सात इंची रेकॉर्डींसाठी.

पंधरा वर्षं मी रेकॉर्डी गोळा करतोय, पण त्या एलपीच. एलपी शोधणं डोळ्यांचं काम आहे. ती उभी लावलेली असते, पुठ्ठ्याच्या कडेवर नाव छापलेलं असतं, वीस एलपींवरून नजर फिरवायला अर्धं मिनिट पुरतं. एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास गाणं, वर बारा इंचांचं चित्र, मागे वादकांची नावं आणि कधीकधी कुणा जाणकाराचा लेख. सात इंचीचं तसं नाही. तिची कड वाचता येत नाही, कव्हर बहुतेक वेळा गेलेलं असतं, आणि शंभरांचा ढीग असला तर शंभरही हातात घेऊन, उजेडाला धरून, लेबल वाचून बाजूला ठेवाव्या लागतात. एवढं करून हाताला चार गाणी लागतात. म्हणून मी त्या वाटेला फारसा गेलोच नव्हतो.

या खेपेलाही मुख्य काम एलपींचंच होतं. राजारामपुरीतल्या एका घरी संग्रह बघायला शुक्रवारी बोलावणं होतं. गुरुवार मोकळा होता म्हणून उद्यमनगरात आलो. फाउंड्र्या, लेथ, मोटारी बांधणारे, आणि त्यांच्या आधाराने चालणारी भंगाराची दुकानं. जिथे जुन्या मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर तांब्यासाठी फुटतात तिथे जुने रेडिओ, अँप्लिफायर येतात, आणि त्यांच्याबरोबर रेकॉर्डीही येतात, असा माझा अनुभव आहे.

चौथ्या दुकानात मालकांनी वजनकाट्यावरून मान वर केली.

"काय बघायलाय पावणं?"

"जुन्या रेकॉर्डी आहेत का? काळ्या, गाण्यांच्या."

"मोठ्या गेल्या की सगळ्या. मुंबईचा एक माणूस येऊन घेऊन गेला. बारक्या ऱ्हायल्यात. बारक्यास्नी कोण विचारत न्हाई."

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटच्या पोत्यात त्या होत्या. पोतं उलटं न करता एकेक काढायला बसलो. मालकांनी बसायला तेलाचा डबा दिला आणि चहाही सांगितला.

सात इंची रेकॉर्ड तपासायची म्हणजे आधी ती टॉर्चच्या उजेडात तिरपी धरायची. चकचकीत काळी दिसली तर ठीक. करडी, राखाडी दिसली तर सुई धरणाऱ्या जड पिकअपने आणि झिजलेल्या सुईने तिची रेघ न् रेघ खाल्लेली असते, ती धुऊन सुधारत नाही. मग ओरखड्यावरून नख फिरवायचं. नखाला लागला तर सुईलाही लागणार. मग मधलं भोक बघायचं. अमेरिकेत १९४९ साली पंचेचाळीसची, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांची, रेकॉर्ड निघाली तेव्हा तिला मध्ये दीड इंचाचं भोक होतं. आपल्याकडच्या ज्या माझ्या हाताला लागल्या त्या बहुतेकांना एलपीसारखंच बारीक भोक असतं. त्या भोकाभोवती लेबलवर केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसतात. अंधारात, घाईत, रेकॉर्ड खिळीवर बसवताना खिळी लेबलवरून घसरते त्याच्या त्या खुणा. जितक्या रेघा तितक्यांदा कुणीतरी ती रेकॉर्ड लावलेली.

पोत्यातल्या काही लेबलांवर रेघांचं जाळं झालं होतं. एलपींवर असं मी कधी पाहिलं नव्हतं.

साधारण ऐंशी रेकॉर्डी निघाल्या. कुत्राछाप म्हणजे एचएमव्ही सगळ्यात जास्त, मग ओडियन, एंजल, पॉलिडोर. आपल्याकडे अमेरिकेसारखी एका बाजूला एकच गाणं असलेली रेकॉर्ड कमीच दिसते. इथे चालली ती ईपी, दोन बाजूंना मिळून चार गाणी, ४५ फेऱ्यांची. चित्रपटाची निवडक गाणी, भावगीतं, भजनं, लावण्या, सगळं याच मापात यायचं. मध्येच तीन ‘सुपर सेव्हन’ निघाल्या. त्या दिसतात तशाच सात इंची, पण फिरतात एलपीच्या वेगाने, ३३⅓ वर. नवख्याने ४५ वर लावली तर गायिका चिमणीसारखी ऐकू येते.

आणि मग ते आकडे दिसायला लागले. लेबलच्या कोपऱ्यात निळ्या शाईने गोलात लिहिलेला मराठी आकडा. ४. नंतर ३१. नंतर ५८. एकच अक्षर, एकच शाई. काहींवर आकड्यापुढे बाण, एका बाजूकडे दाखवणारा. अकरा रेकॉर्डींवर असे आकडे सापडले. सुलोचना चव्हाणांच्या लावण्यांच्या दोन, बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई, आशाबाईंची "बुगडी माझी सांडली गं" असलेली एक, बाकी हिंदी. ही कुणा हौशी माणसाची मांडणी असती तर चित्रपटांची नावं नाही तर अक्षरं घातली असती. आकडे कशाचे ते कळेना.

एक रेकॉर्ड मी हातात घेऊन परत पोत्यात ठेवली. "ऐरणीच्या देवा" असलेली ईपी. १९६५ च्या "साधी माणसं" मधलं हे गाणं. जयप्रभा स्टुडिओवाल्या भालजी पेंढारकरांचा चित्रपट, शब्द जगदीश खेबुडकरांचे, संगीत ‘आनंदघन’. हे टोपणनाव लताबाईंचं. वडील गेल्यानंतरच्या ओढग्रस्तीच्या दिवसांत त्या याच गावात मास्टर विनायकांच्या कंपनीत काम करत होत्या. गाणं जिवापाड आवडतं, पण माझ्याकडे घरी याची स्वच्छ प्रत आहे आणि या रेकॉर्डवर बाहेरून आत आलेला एक खोल ओरखडा होता. लेबल काळवंडलं होतं, मी ते नीट पाहिलंही नाही.

अकरा आकडेवाल्या आणि साध्या नऊ, अशा वीस घेतल्या, तीस रुपयाला एक. पैसे देताना विचारलं, या कुठून आल्या?

"मंगळवार पेठेतनं. स्पीकरवाल्याचं घर हाय. पोरगा आता डीजे चालवतोय, त्यानंच टाकल्या." मालकांनी गल्लीची खूण सांगितली.

संध्याकाळी लॉजवर बॅटरीवरच्या छोट्या प्लेअरवर त्या ऐकल्या. सात रेकॉर्डींत खरखर गाण्याच्या वर होती. तरी शहनाईची एक बाजू दोनदा लावली.

शुक्रवार

राजारामपुरीतलं घर म्हणजे मी ज्यासाठी आलो ते. निवृत्त प्राध्यापकांचा संग्रह. ते पाच वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पत्नींनी लोखंडी कपाट उघडून दिलं आणि म्हणाल्या, "सावकाश बघा. घाई नाही. चहा चालेल ना?"

दीडशेच्या वर एलपी. प्रत्येकीला बाहेरून प्लॅस्टिक, आत पातळ कागद, प्लॅस्टिकवर चिठ्ठी: कुठे घेतली, कधी, किती रुपयाला. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर. नाट्यगीतांची मोठी रांग. कोल्हापुरात शास्त्रीय संगीताचा असा संग्रह असावा यात नवल नाही. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँ होते, त्यांची जयपूर गायकी या गावातून पसरली. मन्सूर त्यांच्याच मुलांकडे, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे शिकले. मन्सूरांची एलपी इथे ऐकताना ती या घराच्या आसपासचीच वाटते.

रागाला एलपीच हवी, हे माझं मत जुनं आहे. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. गवई आलापाला बसायचा आणि उठायला लागायचं. एलपी आल्यावर गवयाला पहिल्यांदा दम घेऊन बसता आलं.

पण कपाटाच्या खालच्या कप्प्यात केसरबाई केरकरांच्या दोन ७८ होत्या, आणि त्या हातात घेतल्यावर मला माझंच मत पुरेसं वाटेना. केसरबाई अल्लादियाखाँच्या शिष्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड बसवली, बारा इंची, १६⅔ फेऱ्यांची. तिच्यावर भारतातलं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी, "जात कहाँ हो". ते साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरचं गाणं आहे. म्हणजे ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलेलं आपलं गाणं एका लहान रेकॉर्डच्या मापाचं आहे. काकूंना हे सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. त्यांच्या यजमानांनी पहिल्या पानावर ही बातमी लिहून ठेवलेली वहीच दाखवली त्यांनी.

एलपींवर मी खुणा शोधायच्या सवयीने भोकं पाहिली. लेबलं कोरी. दहा-बारा वेळा लावलेल्या असतील जास्तीत जास्त. रविवारी सकाळी, हात धुऊन, एकच बाजू, असं काकू म्हणाल्या. "आम्ही कुणी हात लावायचा नाही. ते स्वतः लावायचे, आम्ही ऐकायचो."

सोळा एलपी घेतल्या. किंमत त्यांच्या मुलाने आधीच इंटरनेटवर बघून ठेवली होती आणि ती वाजवी होती. त्या ७८ मात्र मी विकत मागितल्या नाहीत. एवढंच सांगितलं की पुसायची वेळ आली तर स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. कोरडं मऊ फडकं बस्स.

संध्याकाळी खासबागेत भेळ खाल्ली. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, तेव्हापासून त्या बाजूला बघायला जड जातं. थोडा वेळ थांबलो आणि परत आलो.

शनिवार

मंगळवार पेठेतलं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात दोन मोठे साऊंड बॉक्स ताडपत्रीखाली आणि भिंतीला टांगलेला एक जुना ॲल्युमिनियमचा कर्णा, आत चिमण्यांचं घरटं. मुलगा चाळिशीचा. भंगारवाल्याचं नाव काढल्यावर तो ओशाळला. "सामान ठेवायला जागा न्हवती ओ. वरच्या थराच्या गेल्या तेवढ्याच. पेटी हाय अजून. आईला विचारा, तिचं हाय ते."

मी माळ्यावर किंवा बापाच्या आठवणीत काही असेल अशा तयारीने आलो होतो. आई आतून आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारी, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. मी पिशवीतून आकडेवाल्या अकरा रेकॉर्डी काढून सतरंजीवर मांडल्या. त्यांनी एक उचलली, लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि आकड्यावर अंगठा फिरवला.

"हे मी लिवलो हाय," त्या म्हणाल्या.

कोल्हापूरकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. तरी तो वाक्प्रयोग कानावर पडताच मी दचकलो, कारण त्या आकड्यांमागे मी दोन दिवस एक पुरुष बघत होतो.

"मालक वायरी जोडायचं, झाडावर चढून कर्णं बांधायचं. मशीनपाशी मीच बसलेलो असायचो. बायकांच्यात हळदीला बापय माणसाला बसू देत न्हवती न्हवं? मग मीच. तितनं सवय लागली. मालकास्नी लिवाय-वाचाय येत न्हवतं. मी चौथीपतुर शिकलो हाय."

पेटी आणली. फणसाच्या लाकडाची, पितळी कड्या, आत पातळ फळ्या मारून केलेले नव्वद खण. खणावर खिळ्याने कोरलेले आकडे. प्रत्येक खणात एक सात इंची रेकॉर्ड, कव्हरशिवाय, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत. मोजल्या. चौसष्ट. माझ्या अकरा त्यांच्या त्यांच्या खणात बसवल्या, ४ मध्ये ४, ३१ मध्ये ३१. पंधरा खण रिकामे राहिले.

झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याला अडकवलेली शंभर पानी वही. तीच निळी शाई.

वही वाचायला मला दोन तास लागले आणि त्या शेजारी बसून सांगत होत्या. ती रेकॉर्डींची यादी आहे असं मला आधी वाटलं. ती लग्नाची यादी होती. पानाच्या डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला आकडे. पहाटे कर्णा सुरू करताना १ आणि २, भक्तिगीतं. देवक बसताना ५. हळदीला २० ते २९, आणि त्यात कुठली बाजू, तिच्यातलं कितवं गाणं, हेही. लेबलवरचे बाण त्यासाठी होते. अक्षतांना शहनाई, ४ नंबर, "भटजी थांबा म्हणेपर्यंत". पंगतीला हिंदी, एकामागून एक, दर साडेतीन मिनिटांनी उठायला लागू नये म्हणून बाजूला दोन गाणी असलेल्याच. वरातीला लावण्या, पण पुढे टीप: "थोरली माणसं बसली असतील तर लावू नये." पंगत उठायच्या वेळेला एका जागी नुसतं "संवाद" लिहिलं होतं. काय ते विचारल्यावर त्या हसल्या. "शोले" १९७५ ला आला, त्याच्या संवादांची पॉलिडोरची रेकॉर्ड निघाली होती. पोरं जेवून लोळायला लागली की ती लावायची, म्हणजे मांडवात शांत बसतात.

काही टिपा रेकॉर्डींच्या तब्येतीच्या होत्या. "१२, दुसरं गाणं आत जाऊन फाटतं, आवाज कमी." हे मी वाचलं आणि वहीवर हात ठेवून थांबलो. रेकॉर्ड एकाच वेगाने फिरते, पण आतल्या वेटोळ्याचा घेर बाहेरच्यापेक्षा लहान असतो, म्हणून लेबलकडे जाताना सुईखालून दर क्षणाला कमी रेघ सरकते आणि वरच्या पट्टीतले सूर कुरतडल्यासारखे येतात. हे मला पुस्तकं वाचून कळलं होतं. या बाईंनी ते गावजत्रांच्या मांडवात बसून कानाने ओळखलं होतं आणि त्यावर उपायही लिहून ठेवला होता.

"एलपी नाही घेतल्या कधी?" मी विचारलं.

"घेतलो होतो की. दोन-चार. लग्नात त्याचा काय उपेग? एकच गाणं पायजे असलं तर मधल्या मधी सुई टाकायची, अंधारात चुकती. बारकी उचलली, लावली, काढली. आनि मागनी येती न्हवं, नवरदेवाच्या मामाला हेच पायजे, नवरीच्या बापाला तेच. मोठ्या रेकाडीत दुसऱ्यानं लावलेला क्रम असतोय. हितं आपला."

मी लॉजवरच्या सोळा एलपी आठवल्या. त्यांचा क्रम कंपनीत ठरला होता. आणि ही समोरची पेटी, नव्वद खणांची, हिचा क्रम या बाईंनी शेकडो लग्नांत घासूनपुसून लावला होता. हीसुद्धा एक अखंड रेकॉर्डच होती, सकाळी सुरू होऊन रात्री वरातीबरोबर संपणारी. हिच्यातल्या चांगल्या तेवढ्या दहा-बारा निवडून न्यायच्या हा विचार मी सकाळी केला होता. तो तिथेच सोडला.

पेटी सगळीच्या सगळी मागितली. पैशांचं बोलणं मुलाने केलं, चाळीस रुपयाला एक. चौसष्टांचे दोन हजार पाचशे साठ झाले. मावशी म्हणाल्या अडीच हजार द्या, वरचे नकोत. पेटीचे मी वेगळे हजार ठेवले, त्यावर थोडी हुज्जत झाली आणि त्यांनी ते घेतले. वहीचं विचारलं.

"वहीचं काय घ्यायचं? ती रेकाडीचीच हाय. तिच्याबिगर तुमास्नी काय कळनार?"

मी त्यांना वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो छापून पाठवायचं कबूल केलं. त्यांनी पत्ता मुलाला लिहायला सांगितला नाही. स्वतः लिहिला, माझ्या डायरीत, माझ्या पेनाने. तोच चार आणि तोच पाच.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि यांचं काम दोन-तीन वर्षांत बदललं. नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटवर सगळी हळद बसायची. मशीनपाशी कुणी बसायची गरज उरली नाही. "मग मी घरातच," एवढंच त्या म्हणाल्या आणि पेटीची कडी लावून बघितली, नीट बसते का.

रात्री लॉजवर वही पुन्हा काढली आणि रिकाम्या पंधरा खणांचे आकडे बाजूला लिहायला घेतले. सतरापाशी आलो. नोंद होती: "ऐरणीच्या देवा. नवरी निघताना. दुसऱ्या कडव्याला सुई उडते, बोट ठेवणे."

गुरुवारी पोत्यात परत टाकलेली रेकॉर्ड, बाहेरून आत आलेला ओरखडा, काळवंडलेलं लेबल. झोप कसली येतेय.

रविवार

उद्यमनगरातलं दुकान अर्धंच उघडं होतं. मालकांनी मला बघून विचारलं, "परत?" मी पोतं मागितलं. पोतं जागेवर नव्हतं. त्यांच्या पोराने ते शनिवारी मागच्या कंपाउंडकडे ओढून टाकलं होतं, पत्र्यांच्या खाली. पत्रे उचलायला दोघं लागले. रात्री दव पडलेलं, पोतं ओलसर. दव व्हिनाइलला काही करत नाही, लेबलला करतं. एकेक काढून सदऱ्याने पुसून बाजूला ठेवत गेलो. बाविसावी ती होती.

लेबलवर ओल्या बोटाने हलकं फिरवलं तसा काजळीचा थर निघाला. निळा गोल, आत १७. बाण.

"एवढ्यासाठी आलासा?" मालक म्हणाले. तीस रुपये घेतले आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. बाकीचं पोतंही पुन्हा नीट तपासलं, ओल्या लेबलांवरून बोट फिरवत. आणखी दोन आकडे निघाले, ६३ आणि ७७. आता बारा उणे आहेत. मालकांना फोन नंबर देऊन ठेवलाय. मुंबईच्या माणसाने मोठ्यांबरोबर काही बारक्या नेल्या असतील तर त्या गेल्या.

रात्रीच्या महालक्ष्मीत पेटी बर्थखाली ठेवली नाही, पायांशी वर घेतली. शेजारचे गृहस्थ सातारा येईपर्यंत तिच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, तबला का? मी कडी काढून दाखवलं. त्यांच्या लग्नात अशीच पेटी होती म्हणे, इस्लामपूरला. त्यांना एकही गाणं आठवेना, पण कर्णा कुठल्या झाडाला बांधला होता ते आठवत होतं.

सोमवारी रात्री घरी सतरा नंबर धुतली. डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश गोल फिरवायचा, मग नुसत्या पाण्याने, मग उभी वाळवायची. लेबलवर पाणी जाऊ दिलं नाही. वाळल्यावर प्लेअरवर ठेवली, बाण दाखवत होता ती बाजू. खरखर आहे, पण खाली आवाज भरदार आहे, माझ्या स्वच्छ प्रतीपेक्षा दबलेला आणि जाड. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्या कडव्यात ओरखडा आला आणि सुई उडाली, पुढच्या ओळीवर.

सुई उचलून थोडी मागे आणली. या वेळेला ती जागा जवळ आली तशी पिकअपच्या डोक्यावर बोट ठेवलं, नुसतं टेकवलं. टक, टक, टक असे तीन आवाज आले आणि ओळ पुरी झाली.